ढेकणांचं औषध

१० जून १९५४, गुरुवार. किन्हीराजा.
सकाळपासून ढेकूण एके ढेकूण. गोधड्या अंगणात काढून उकळत्या पाण्यात बुडवल्या. माजघराच्या भिंतीच्या फटींत पिसाने घासलेट सोडलं. बाहेर आले ते चपलेने मारले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ओसरीवरून, "नोको मारू वं इतके. रक्ताच्या वासानं आखीन येतेत." हे खरं की खोटं, माहीत नाही. मी मारत राहिले. जाऊबाई गरम पाण्याची दुसरी घागर घेऊन आल्या.
लग्नाला दोन वर्षं झाली. या घरात सगळ्यांशी जमलं, ढेकणांशी नाही. वाशीमला बाबांकडेही होते, पण तिथे ते शोधावे लागत. यांना चावतच नाहीत म्हणे. एकाच अंथरुणावर असं कसं?

१३ जून, रवि.
हे मालेगावहून बातमी घेऊन आले. हिवतापाच्या औषधाची टोळी गावोगाव फिरते आहे, चार-पाच दिवसांत आपल्याकडे. डीडीटी नाव. भिंतींवर फवारतात, डास भिंतीवर बसला की मरतो. मी विचारलं, "अन् ढेकूण?" म्हणाले, "मरतच असतील. तीही कीडच ना."
जाऊबाई भाकरी थापत होत्या, हात थांबला. त्यांचा मोठा मुलगा माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी हिवतापाने गेला. मी त्याला पाहिलेलं नाही. आता एकटी सुमी, सात वर्षांची. तीही गेल्या भादव्यात महिनाभर तापाने पडून होती. तापाने वाढलेली पानथरी अजून डाव्या बरगडीखाली हाताला लागते.
जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "येऊ दे त्याईले. लवकर येऊ दे."
आत्याबाईंना विचारायला हवं. कोण विचारणार? मी नाही.

१७ जून, गुरु.
टोळी आज आली. आत्याबाई माझ्या नणंदेकडे बारशाला गेलेल्या. मोठे भाऊजी शेतात. हे घरी होते, पण टोळी दिसताच गोठ्याकडे काहीतरी काम निघालं. म्हणजे दारात मीच.
इन्स्पे. तरुण, चष्मेवाले. बरोबर खाकी चड्डीतले चौघे. बादलीत पंप, एक जण दांडा हापसतो, दुसरा नळी धरतो. आधी भांडी, पीठ, पाणी, अंथरुणं सगळं अंगणात काढायला लावलं. मग भिंतींवर वरून खाली पट्टे. वास चुन्याचा नाही, घासलेटचाही नाही. कशाचा, ते सांगता येत नाही.
देवघराशी थबकले. "इथं मारायचं का, बाई?"
मी म्हटलं, मारा. जाऊबाईंनी देव परातीत घालून तुळशीपाशी ठेवलेच होते.
इन्स्पे. तीनतीनदा बजावून गेले, भिंती सारवू नका, पोतारू नका, औषध झाकलं जातं. दुसरी फेरी पोळ्यानंतर.
सगळ्यांना ताक दिलं. पंपवाल्यांपैकी एकाने जाताना कागदात ओंजळभर कोरडी पूड दिली. "फटीईत टाकजा. सायबाले नोका सांगू." चहाच्या रिकाम्या डब्यात भरून चुलीवरच्या फळीवर ठेवली, मागे.
आत्याबाई आल्यावर काय, ते आल्यावर.

१८ जून, शुक्र.
भर दिवसा ढेकूण भिंतीतून निघताहेत. दारू प्यायल्यासारखे चालतात, मग पडतात. केरसुणीने लोटून सुपात भरले. जाऊबाई आणि मी एकमेकींकडे पाहून हसत सुटलो. दोन वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सुमी मेलेल्या माश्या काडेपेटीत जमवते आहे.
काल पूर्ण झोप. उठले तर उजाडलेलं.

२१ जून, सोम.
आत्याबाई परतल्या. देवघरासमोर उभ्या राहिल्या. भिंतीवर पांढरे ओघळ.
"माह्या देवाच्या भिताडावर इख शिपलं? कोनं इचारलं मले?"
जाऊबाई म्हणाल्या, "आत्याबाई, तापाचं औषीद हाये ते."
"औषीद पोटात घेतेत. भिताडाले पाजत नाई कोनी."
हे जेवत होते. मान खाली. मी म्हटलं, मीच हो म्हटलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि देव उचलून ओसरीवरच्या कोनाड्यात नेले. देव तिथे, आम्ही आत. आता पूजा तिथेच होणार म्हणे.

२९ जून, मंगळ.
मांजर मेली. दोन दिवस लटपटत होती, आज कणगीमागे सापडली. आत्याबाई रागावल्या नाहीत. नुसतं मला हाक मारून दाखवलं.
हे म्हणतात, म्हातारी झाली होती. झाली होती खरी. पण ते लटपटणं... ढेकूणही तसेच चालत होते.

७ जुलै, बुध.
डास जवळजवळ नाहीत. दरसाल या दिवसांत गल्लीत दोन-चार घरी तरी कोणी ना कोणी गोधडीत कुडकुडत असतं. यंदा अजून कोणी नाही. बायका विचारायला येतात, तुमच्याकडे देवघरातसुद्धा मारलं म्हणे, काही झालं नाही ना? मी ऐटीत सांगते, काही नाही, उलट झोप लागते. मांजरीचं सांगत नाही.
मांजरीचं का सांगत नाही?

१२ जुलै, सोम.
ढेकूण परत. आधी वाटलं, भास. मग उशीखाली तीन. फटीत पूड सोडली, तिच्यावरून चालत गेले. मी काडीने ढकलून पुन्हा पुडीत घातले, पुन्हा चालत गेले. महिन्यापूर्वी याच औषधाने मरत होते ना?
आत्याबाईंना कळलं. आनंद झाला की वाईट वाटलं, चेहऱ्यावरून समजलं नाही.

१५ जुलै, गुरु.
इन्स्पे. सायकलवरून गावातून जात होते, यांनी थांबवलं. ढेकणांचं विचारलं.
"आमचं औषध डासांसाठी आहे. ढेकणांची जबाबदारी आम्ही घेतलेली नाही."
"पण आधी मेले."
"मेले असतील."
"आता मरत नाहीत."
"तक्रार सगळीकडून येते आहे. का, ते मलाही माहीत नाही. तुम्ही भिंती तेवढ्या सारवू देऊ नका." सायकलवर बसले आणि गेले. हे हसत घरी आले, मला हसू आलं नाही. ज्यांचं औषध, त्यांनाच माहीत नाही.

१८ जुलै, रवि.
शाळेच्या मास्तरांनी सुमीला घरी पाठवलं होतं, डोक्यात उवा म्हणून. पोरगी दोन दिवस तोंड लपवून बसली. जाऊबाईंनी फणीने काढून पाहिल्या, निंबाचा पाला वाटून लावला, काही नाही. मीच म्हटलं, ती पूड आहे ना. पूड डोक्यावर ठरेना म्हणून खोबरेलात कालवली, दोन चमचे, आणि केसांना चोळून फडकं बांधलं. जाऊबाई समोर बसून सुमीचे हात धरत होत्या. संध्याकाळी शिकेकाईने न्हाऊ घातलं. उवा मेल्या, लिखासुद्धा. सुमी खूश, मी तिच्याहून.
डबा वाटला त्याहून रिकामा निघाला. पूड सादळून खाली बसली असेल.

२० जुलै, मंगळ. मालेगाव.
आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या सगळं उलटसुलट आठवेल.
सकाळी सुमी शाळेत निघाली आणि अंगणातच ओकली. मग म्हणाली, "काकी, तोंडाले मुंग्या येऊन राह्यल्या." पाण्याचा पेला दिला तर हातातून सांडला. दोन्ही हात लटलट. तासाभरात पाय. भाऊजींनी गाडी जुंपली. मालेगावचा दवाखाना. गाडीत मी, जाऊबाई, हे. जाऊबाईंनी तिला मांडीवर घट्ट धरलं होतं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
हे माझ्या कानाशी, "पुडीचं आत्ता बोलू नको. आधी डॉक्टर काय म्हणतात ते पाहू."
डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"
भाऊजी, "भाकर-वरन. घरात सगळ्यांनी खाल्लं तेच."
"दुसरं काही?"
मी यांच्याकडे पाहिलं. जाऊबाई जमिनीकडे बघत होत्या. कोणी बोललं नाही.
मी नाही बोलले. तोंड होतं, आवाज होता, पोरगी समोर होती.

२१ जुलै, बुध. मालेगाव.
रात्र दवाखान्याच्या ओट्यावर काढली. सुमीला झटका एकदाच आला, पहाटे. आज दुपारी अंग तापलं, एकशे दोन. डॉक्टर म्हणाले, हिवताप असू शकतो, पानथरी मोठी आहेच, पोरांमध्ये कधीकधी डोक्यात जातो. गोळ्या सुरू केल्या. हे माझ्याकडे पाहून मान हलवतात, म्हणजे बघ, तापच होता.
ताप निघाला म्हणून मला हायसं वाटलं. पोरीला ताप आला म्हणून हायसं! हे लिहिताना स्वतःची किळस येते.

२२ जुलै, गुरु. मालेगाव.
सांगितलं. डॉक्टर दुपारच्या जेवणाला निघाले होते, दारात गाठलं, एकटीच. तेल, दोन चमचे, फडकं, सगळं.
ते उभ्याचे बसले. "परवा का नाही सांगितलं?"
मी तेलाचं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.
"तेलात कालवली? कोणी सांगितलं होतं?"
"कोणी नाही. मलाच सुचलं."
मग म्हणाले, "डोक्याला लावून इतकं व्हावं, तेही दोन दिवसांनी, असं मला वाटत नाही. पण नाही असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी असा पेशंट याआधी पाहिलेला नाही. पोटात गेली असती तर गोष्ट वेगळी." न्हाव्याला बोलावून सुमीचे केस काढायला लावले. सुमी रडली. म्हणजे रडण्याइतकी बरी आहे.
भाऊजींना डॉक्टरांनीच सांगितलं असावं. परत आले तेव्हा माझ्याकडे पाहून नुसते म्हणाले, "बरं झालं सांगितलं." राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

२५ जुलै, रवि. किन्हीराजा.
सुमीला घेऊन आलो. अशक्त आहे, हात थोडे कापतात, पण भात खाल्ला.
घरात पाऊल टाकलं तर ओल्या मातीचा वास. आत्याबाईंनी आम्ही नसताना माजघर, देवघर, सुमी झोपते ती खोली, सगळं शेणामातीने सारवून काढलं. पांढरं कुठे दिसत नाही. देव परत जागेवर.
"इख बुजवलं म्या," म्हणाल्या. मला उद्देशून नव्हे, भिंतीला उद्देशून.
चहाचा डबा फळीवर नाही. कोणी कुठे टाकला, विचारायची हिंमत झाली नाही.

२८ जुलै, बुध.
जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे कामापुरतं बोलतात, मीठ दे, पाणी काढलं का. पण मी आत गेले की बाहेर जातात. सुमीला माझ्याकडे येऊ देतात, हे आणखी कोड्यात टाकणारं. मी विष लावलं म्हणून राग असेल, तर त्या पोर माझ्या हातात कशी देतील?
हे म्हणतात, वेळ जाऊ दे. हेच म्हणाले होते, पुडीचं बोलू नको. यांचं ऐकून ऐकून मी कुठे...

२ ऑगस्ट, सोम.
श्रावणातला पहिला सोमवार. उपासाला दाणे भाजावेत म्हणून कोपऱ्यातलं मडकं उचललं, जाऊबाईंनी ज्येष्ठात निवडून भरून ठेवलेले भुईमुगाचे दाणे. जाऊबाई धावतच आल्या आणि हातातून ओढलं. "ते नोको. किडले ते." परसात गेल्या आणि उकिरड्यावर दाणे फेकून दिले, मडक्यासकट.
पाच-सहा शेर दाणे. ज्या बाई चार दाणे सांडले तर वेचतात!
आत्याबाई ओरडल्या, जाऊबाई ऐकून घेत राहिल्या. आम्ही सगळ्यांनी राजगिऱ्याच्या लाडूवर भागवलं.

३ ऑगस्ट, मंगळ.
आज राख टाकायला उकिरड्यावर गेले. मडक्याच्या खापरीच्या आतल्या बाजूला पांढरं. बोटाने खरवडलं. वास घेतला. भिंतीचा तोच वास.
म्हणून डबा रिकामा होता.
जाऊबाईंनी दाण्यांना कीड लागू नये म्हणून पूड टाकली. आणि सुमी येताजाता त्या मडक्यात हात घालते, हे मला माहीत आहे, मीच दोनदा रागावले आहे. डॉक्टर म्हणाले होते, पोटात गेली असती तर.
म्हणजे मी नाही. म्हणजे माझ्यामुळे नसेल.
खापर हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आनंद होत नव्हता, दुःखही होत नव्हतं. मग माती ओढून झाकलं. कोणापासून झाकलं?

६ ऑगस्ट, शुक्र.
तीन दिवस घुटमळले. आज निंदणाला दोघीच होतो, बाकीच्या बायका धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या बाजूला. मी म्हटलं, "बाई, ते दाणे..."
जाऊबाईंचं खुरपं थांबलं. वर न बघता म्हणाल्या, "मले वाटलंच तुले कळलं असंन. म्हून तं तुह्याकडं पाह्याची हिंमत होत नोती."
मी त्यांचा राग समजत होते. त्या मला भीत होत्या.
"धुवून घेऊ म्हटलं व्हतं. ढेकनाले मारते तं दान्यातल्या सोंड्यालेबी मारंन. लेकराचं ध्यानातच नाई आलं वं माह्या." मग, "दवाखान्यात तू बोलली नाई, मले वाटलं, मले वाचवासाठी बोलली नाई. मंग तू सोताचं नाव सांगतलं तं मी आखीनच मेली."
"मला तर दाण्यांचं ठाऊकच नव्हतं."
"खरं सांगतं?"
"सुमीची शपथ."
तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांचं तोंड मातीने माखलेलं. पलीकडून कोणीतरी ओरडलं, मागे पडल्या वं दोघी, तेव्हा उठलो.
"एक पोरगं तापानं गेलं," त्या जाताजाता म्हणाल्या, "दुसरी माह्या हातानं जाती."
मी म्हटलं, माझ्या हाताने. त्या म्हणाल्या, नाही, माझ्या. भांडलोच जवळजवळ.

९ ऑगस्ट, सोम.
सुमीला विचारलं, सहज, वेणी घालायचं नाटक करत (वेणी कुठली, नुसते खुंट आले आहेत). त्या दिवशी मडक्यातले दाणे खाल्ले होतेस?
"नाई."
थोड्या वेळाने, "दोनच."
झोपताना आपण होऊन आली, "काकी, दोन नाई. मूठभर. आईले नोको सांगू." मग म्हणाली, ते त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी. मग म्हणाली, आठवत नाही.
सात वर्षांची पोर. तिच्या शब्दावर आम्ही दोघींपैकी एकीला सोडवायला निघालो आहोत.

१४ ऑगस्ट, शनि.
यांना सांगू की नको? घरात, गल्लीत सगळे माझंच नाव घेतात. शेजारची म्हणाली, शिकलेल्या सुनेनं पोरगी मारली असती. जाऊबाईंनी ऐकलं, लाल झाल्या, बोलायला तोंड उघडलं, मीच पदर ओढला.
का ओढला? चांगुलपणा म्हणावा तर मनात आतून वाटतं की आता त्यांच्यावर माझं ओझं आहे, आणि ते मला आवडतं आहे. हे खरं असेल तर मी फार वाईट बाई आहे. खरं आहे का, तेही नक्की नाही.
तेल तर मीच कालवलं. तेवढं तरी नक्की.

२७ ऑगस्ट, शुक्र.
उद्या पोळा. भाऊजी बैलांची शिंगं रंगवत होते, सुमी बाजूला वाटी धरून. रंगाची वाटी हलली नाही. मी लांबून बघत होते, जाऊबाईही. दोघींनी एकदमच श्वास सोडला.
मग जाऊबाई चुलीपाशी गेल्या आणि पुरण घोटता घोटता आत्याबाईंना दाण्यांचं सगळं सांगून टाकलं. मी दाराशी. मला आधी काही बोलल्या नव्हत्या.
आत्याबाई ऐकत राहिल्या. वाटलं, आता आकाश फाटणार. नुसतं म्हणाल्या, "पुरन करपून राह्यलं." आणि उठून ओसरीवर गेल्या. मग दिवसभर आत आल्या नाहीत. हे आमच्यावरचं रागावणं नव्हतं. काय होतं, कळलं नाही.

४ सप्टेंबर, शनि.
आत्याबाईंना थंडी वाजून ताप. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजतात. गल्लीत सारवलेली घरं आणखी दोन, त्यातल्या एका घरात ताप आहे, एका घरात नाही. न सारवलेल्यांत एका घरात आहे. काय धडा काढायचा यातून?
हे मालेगावहून गोळ्या घेऊन आले. आत्याबाई घेत नाहीत. सुमीच्या हाताने दिल्या तर घेतल्या.

६ सप्टेंबर, सोम.
ताप उतरला होता, घाम येत होता, मी पाठ पुसत होते. आत्याबाई डोळे मिटून, "नलू, दार लोटून घे."
लोटलं.
"त्या दिशी सकाळी म्या सुमीले पयसाचं बी देल्लं व्हतं. गुळात कुटून. जंत झाले व्हते तिले, दात खाये. माह्या मायनं आमाले असंच दिलं. पन माप... माप माह्या ध्यानात नाई. आता नजर नाई रायली पयल्यावानी. जास्त पडलं असंन काय वं?"
मी काय सांगणार? पळसाच्या बीने ओकारी होते, हे ऐकून आहे. हात लटलटतात का, माहीत नाही.
"म्हून म्या भिताडं सारवले," म्हणाल्या. "म्हटलं, त्या भिताडाचंच इख असू दे."
त्यांचा हात हातात घेतला. दीड महिना तीन बायका एका चुलीवर रांधत होतो, आणि प्रत्येकीला वाटत होतं, मीच. एकीनेही वाईट व्हावं म्हणून काही दिलं नव्हतं. कोणामुळे झालं? की तिघींमुळे? की कोणामुळेच नाही, नुसता ताप? डॉक्टरांकडे जाऊन दाण्यांचं आणि हे तिसरंही सांगावं तर ते काय म्हणतील, मला पाठ आहे. नाही असंही सांगता येत नाही.
जाऊबाईंना सांगा म्हटलं. म्हणाल्या, "सांगीन. जरा ताकत येऊ दे."

८ सप्टेंबर, बुध.
सांगितलं त्यांनी, आज सकाळी. मी मुद्दाम विहिरीवर गेले होते. परत आले तर जाऊबाई आत्याबाईंचे पाय दाबत बसल्या होत्या. दोघींचे डोळे लाल. मला पाहून आत्याबाई म्हणाल्या, "ये, तूबी बस."
बसले. पुरुषांना सांगायचं की नाही, यावर कोणी काही बोललं नाही.
दुपारी बातमी, टोळी उद्या येणार.

९ सप्टेंबर, गुरु.
टोळी गल्लीच्या टोकाशी आहे. पंपाचा आवाज इथवर येतो. इन्स्पे. मघाशी येऊन गेले. सारवलेल्या भिंती पाहून कपाळाला हात लावला, पण रागावले नाहीत. म्हणाले, "आता पुन्हा मारावं लागेल, सगळीकडे. माणसं, भांडी बाहेर काढून ठेवा. तासाभरात येतो." मी त्यांना दाण्यांचं, तेलाचं, सगळं सांगितलं, दारातच. ते घाबरल्यासारखे झाले. "पूड दिली कोणी? कोणाजवळ देऊ नका असा हुकूम आहे." मग खाली आवाजात, "भिंतीवरचं भिंतीवर राहिलं तर काही होत नाही, बाई. माझ्या घरी मी स्वतः मारलं आहे." जरा थांबून, "मुलगी कशी आहे आता?"
शाळेत गेली आहे, म्हटलं.
हे म्हणतात, मारू दे, आईचा ताप पाहिलास ना. भाऊजी म्हणतात, बायकांनी ठरवावं, घर त्यांचं. इतकी वर्षं कधी म्हटलं नव्हतं.
आत्याबाईंना आज पुन्हा थंडी भरली आहे. ओसरीवर बाजेवर पडून आहेत. विचारलं, मारू द्यायचं का? गोधडीतून म्हणाल्या, "मले काय इचारतं? तुले वाटंन ते." जाऊबाईंना विचारलं. एका पोराला तापाने नेलं, दुसरीला पुडीने नेलं असतं. त्याही म्हणाल्या, "तुले वाटंन ते, नलू."
म्हणजे दारात पुन्हा मीच.
वाशीमला असते तर बाबांना विचारलं असतं. त्यांनाही कुठे माहीत असणार?
ओसरीवर ऊन आलं आहे, बाज हलवायलाच हवी. फवारायचं असेल तर ऊन ओलांडून अंगणात, निंबाखाली. नसेल तर आत, खोलीत. जाऊबाई बाजेचं एक टोक धरून उभ्या आहेत, दुसरं टोक माझ्यासाठी सोडलं आहे. मी वही घेऊन उंबऱ्यावर, लिहिते आहे कारण लिहीत असेपर्यंत उचलावी लागणार नाही.
"चाल ना वं," म्हणतात. "आंदर का बाहीर, तेवढं सांग."